टँकरनेस हाउस, कर्कवॉल : वाऱ्याकडे पाठ करून बसलेला चौक

साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत माझं माहेर. एकचौकी वाडा, पुढे देवडी, आत सोपा, मागे परडं आणि आड. माझी नोकरी सगळी बांधकाम खात्यात गेली, अनुरेखक म्हणून. इंजिनिअर लोकांनी आखलेले नकाशे ट्रेसिंगवर शाईने उतरवून काढायचे, हे तीस वर्षांचं काम. त्यामुळे कुठल्याही घरात पाऊल टाकलं की मला आधी त्याचा तळनकाशा दिसतो, शोभा मागाहून. हे सुरुवातीलाच सांगते, कारण ज्या जागेविषयी लिहायला बसले आहे तिथे बहुतेक लोक आत मांडलेल्या वस्तू बघायला जातात. मी घर बघायला गेले होते.

जागा आहे टँकरनेस हाउस. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, भर समुद्रात, ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटावर कर्कवॉल हे मुख्य गाव आणि गावाच्या मध्यावर, थोरल्या चर्चच्या समोर, हे घर. आता त्यात ऑर्कनी म्युझियम आहे. तिकीट नाही. आत जा, हवं तितकं बघा, वाटलं तर पेटीत पैसे टाका.

धाकटी लेक ॲबरडीनला असते. जूनमध्ये तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा जावईबापू म्हणाले, "आई, तुम्ही सारखं वाड्यांचं काढता, मग ऑर्कनीला चलाच." ॲबरडीनच्या धक्क्यावरून संध्याकाळी पाचला बोट सुटते आणि रात्री अकराला कर्कवॉलला लागते. रोज नसते, वार बघून ठरवावं लागतं. आम्ही उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि आभाळात आपल्याकडे दिवेलागणीला असतो तेवढा उजेड होता. मुक्कामाच्या खोलीत जाड पडदे ओढून झोपलो.

सकाळी ब्रॉड स्ट्रीटवर आलो. समोर सेंट मॅग्नस कॅथेड्रल. ११३७ साली पाया घातलेलं, तांबड्या आणि पिवळ्या दगडांचं. तेव्हा ही बेटं नॉर्वेच्या राज्यात होती. १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाला लेकीच्या हुंड्याची रोकड जमली नाही, म्हणून त्याने ऑर्कनी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली, आणि ती पुन्हा सोडवली गेलीच नाही. मुलीच्या लग्नापायी शेत गहाण पडल्याचं आपण गावोगाव ऐकतो. इथे अख्खी बेटं पडली. त्या गोष्टीने माझ्या पोटात कालवलं. मग वळून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघितलं तर कमान.

कमान साधी आहे. रस्त्याला लागून दगडी भिंत, त्या भिंतीत दरवाजा, वर कोरलेलं मानचिन्ह आणि साल : १५७४. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अजून छप्पन्न वर्षं होती, आणि सातारा शहर तर शाहू महाराजांनी वसवलं ते त्याच्याही कितीतरी पुढे. दगडात साल कोरलेलं घर मला फार आवडतं. आमच्या वाड्याचं साल कुणालाच माहीत नाही. आजोबा म्हणायचे "पेशवाईतला", आणि पेठेतला प्रत्येक जण आपल्या वाड्याबद्दल तेच म्हणतो.

हे साल घालणारा माणूस गिल्बर्ट फुल्झी, चर्चमधला वरचा अधिकारी. १५६० साली स्कॉटलंडने कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट पंथ धरला, आणि फुल्झीही नव्या पंथाकडे आला. या जागी आधीपासून कॅथेड्रलच्या अधिकाऱ्यांच्या राहत्या घरांच्या इमारती होत्या, एक उत्तरेच्या बाजूला, एक दक्षिणेच्या. धर्म पालटला तशी चर्चची मालमत्ता माणसांच्या हाती आली. फुल्झीने ती घरं जोडून, पुढे कमान घालून, एका दरवाजाचा एक वाडा केला. म्हणजे हा वाडा एकाच वेळी आखून बांधलेला नाही, शिवलेला आहे. आत फिरताना ते पायाला कळतं. चढ-उतार लागतात, भिंती एकमेकींशी अगदी काटकोनात असतील असा भरवसा धरता येत नाही. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. आमचा वाडाही असाच. पणजोबांच्या दोघा भावांची दोन घरं, मधली बोळकांडी झाकून एक केलेली. म्हणून आमच्या माजघरातून कोठीच्या खोलीत जाताना अजून एक पायरी आहे, आणि घरातली प्रत्येक नवी सून तिथे एकदा अडखळलेली आहे.

कमानीतून आत पाऊल टाकलं आणि वारा थांबला.

हे मी मुद्दाम वेगळं सांगते. बाहेर ब्रॉड स्ट्रीटवर जूनचा महिना असूनही वारा असा होता की मी स्कार्फ दोन्ही हातांनी धरून चालत होते. कमानीच्या आत दोन पावलं गेले आणि हात सोडले. खाली फरसबंदी, तीन बाजूंना घराचे सोपे, चौथ्या बाजूला आपण आलो ती भिंत. चौक लहान आहे. आमच्या चौकात वर्षश्राद्धाला दोन पंगती बसत, इथे बहुधा एकच बसली असती. पण त्या लहानपणातच त्याची सगळी अक्कल आहे. चौक जितका आवरलेला तितका वारा आत कमी उतरतो.

तिथल्या एका कठड्यावर बसून मी वहीत नकाशा काढायला घेतला, आणि काढता काढता एक गोष्ट लक्षात आली, ती इथे सांगावी म्हणूनच हे सगळं लिहिते आहे. कागदावर त्यांचा चौक आणि आपला चौक जवळजवळ सारखा दिसतो. मधे मोकळी जागा, भोवती खोल्या, एकच दरवाजा. काम मात्र उलटं. आपला चौक आभाळ घरात आणतो. माजघराला उजेड तिथून, वैशाखात तापलेली हवा वर निघून जायची तिथून, पापड-सांडगे वाळायचे तिथे, आणि पावसाळ्यात चारी बाजूंच्या पागोळ्या तिथेच. त्यांचा चौक समुद्राच्या वाऱ्याला घराबाहेर ठेवतो. बायका-माणसांना, पोरांना, घोड्याला दारात उभं राहता यावं, सामान उतरवता यावं, घटकाभर बोलता यावं, एवढा निवारा त्याने दिला की झालं. सोपाही उघडा नाही. आपल्याकडे सोप्याला खांब असतात, चौकाच्या बाजूने तो सताड मोकळा असतो. तिथे चौकाच्या कडेने अखंड भिंत, आणि भिंतीत दार नि खिडक्या.

म्युझियममधल्या एक बाई बाहेर आल्या. मी काय काढते आहे ते वाकून बघितलं. मी शेजारच्या पानावर यादोगोपाळ पेठेतल्या वाड्याचा नकाशा काढून दाखवला : ही देवडी, हा सोपा, हे तुळशीवृंदावन, ही चौकाची मोरी, जिचं पाणी देवडीच्या पोटातून रस्त्याच्या गटाराला जातं. लेक मधे बसून सांगत होती. त्या बाईंनी बराच वेळ नकाशा न्याहाळला आणि विचारलं, "म्हणजे पाऊस घराच्या मधोमध पडतो?" मी म्हटलं, "हो. आणि आम्ही सोप्यावर बसून तो बघतो." त्या हसल्या आणि हात वर करून आपल्या छपराकडे दाखवलं. तेव्हा मी छपराकडे नीट बघितलं.

छपराला वळचण नाही. आपल्याकडे कौलारू छप्पर भिंतीच्या पुढे चांगलं दीड-दोन हात काढतात. पश्चिमेचा पाऊस तिरपा येतो, त्याने पांढरीच्या भिंती भिजू नयेत म्हणून. जावळी-महाबळेश्वरकडे तर याहून पुढे, शिवाय पावसाळ्यापुरते झडप-तट्टे बांधतात. ऑर्कनीत पुढे आलेली वळचण म्हणजे वाऱ्याला दिलेला मुठीचा दांडा. धरून अख्खं छप्पर उपटेल. म्हणून छपराची कड भिंतीशीच संपते. आणि घराच्या आखूड बाजूची भिंत, आढ्यापर्यंत निमुळती होत जाते ती, छपराच्याही वर काढलेली असते, म्हणजे छपराच्या टोकात वाऱ्याची बोटं शिरत नाहीत. ही भिंत वर जाताना सरळ तिरपी न जाता पायऱ्या-पायऱ्यांनी जाते. स्कॉट भाषेत त्यांना कावळ्याच्या पायऱ्या असं नाव आहे. लोक फोटो काढतात ते या पायऱ्यांचे.

मला त्या पायऱ्यांत गवंड्याचा हात दिसला. ऑर्कनीचा दगड थराथरांचा असतो, शहाबादी फरशीसारखा सपाट फुटतो. अशा दगडाला तिरपी कड घडवायची म्हणजे छिन्नीचं काम वाढलं. त्यापेक्षा सपाट दगड सपाटच ठेवायचा, पुढचा थर एक पाऊल आत घ्यायचा, की आपोआप पायरी होते, वर चढून छप्पर दुरुस्त करायलाही सोय. आमच्याकडचा जुना गवंडी म्हणायचा, "ताई, दगडाला विचारून बांधावं." या भिंतीला कुणीतरी विचारलेलं आहे.

दगडच सगळं करतो तिथे, कारण लाकूड नाही. बेटांवर झाडी फार थोडी. कर्कवॉलच्या अल्बर्ट स्ट्रीटवर एक जुनं सिकामोर झाड आहे, त्याला गावाने नावच "बिग ट्री" ठेवलं आहे. यावरून कल्पना यावी. जुन्या घरांची छपरंसुद्धा पातळ दगडी फरशांची. ऑर्कनीची एक खास खुर्ची असते : लाकूड हाती येईल तेवढंच, बरेचदा समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं, आणि पाठ ओटच्या पेंढ्याची, दोरीने एकावर एक थर शिवलेली. पाठ उंच आणि कडेने वळवलेली, म्हणजे दाराखालून येणारी गार झुळूक पाठीला लागू नये. दुसऱ्या दिवशी आम्ही स्कारा ब्रे बघितलं. पाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती, १८५० च्या वादळात वाळू उडाल्यावर उघडी पडलेली. तिथे पलंग दगडाचे आणि भिंतीला टेकलेलं फडताळही दगडाचं, दोन-दोन कप्प्यांचं. दाराच्या अगदी समोर. आमच्या माजघरात समईच्या शेजारचं फडताळ दारासमोरच आहे. आल्यागेल्याला घरातली पितळी भांडी दिसावीत हा आजीचा आग्रह. पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरधणिणीलाही तसंच वाटत असणार, असं माझ्या मनात आलं.

आपल्याकडे याच्या अगदी उलट. सातारी वाड्यात दगड फक्त जोत्यापुरता. त्याच्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती किंवा भेंडे, आणि सगळा भार सागवानी खांब-तुळयांवर. भिंत काढली तरी सांगाडा उभा राहतो. खांब तळाशी दगडी उथळ्यावर बसवलेला, तो यासाठी की वाळवी आणि ओल वर चढू नये. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा ज्यांनी बघितला आहे त्यांना हे सांगायला नको. सहा चौक, एकातून एक. वाईपासून चार पावलांवर आहे आणि माझ्या ओळखीतली निम्मी माणसं तिथे फक्त घाटावर जाऊन वसईची घंटा बघून परत येतात. घंटा बघावीच, १७०७ साल आहे तिच्यावर, पण वाड्यात जा. चौकाचौकांतून चालत गेल्याशिवाय चौक कळत नाही.

परत टँकरनेस हाउसकडे येते. सतराव्या शतकात घर बेकी घराण्याकडे आलं. कर्कवॉलच्या पूर्वेला टँकरनेस म्हणून भाग आहे, तिथे त्यांची जमीनजुमला. जमीन त्या गावी आणि वाडा शहरात, आपल्या इनामदारांसारखंच. जमिनीचं नाव शहरातल्या घराला चिकटलं. सुमारे तीनशे वर्षं घर त्यांच्याकडे होतं. मग सार्वजनिक झालं, डागडुजी झाली आणि १९६८ पासून म्युझियम म्हणून उघडं आहे. बेकींचा दिवाणखाना आणि पुस्तकांची खोली अजून मांडून ठेवलेली आहे. दिवाणखान्याच्या खिडकीशी मी उभी राहिले. भिंत हातभराहून जाडच आहे, त्यामुळे खिडकीच्या आत एक माणूस बसेल एवढा कोनाडा तयार होतो. काचेतून खाली चौक, पलीकडे कॅथेड्रल. दिवसाचं वाचन, शिवण, रस्त्यावर लक्ष, सगळं त्या कोनाड्यात होत असणार, कारण खोलीच्या आतल्या भागात उजेड पोचत नाही. आमच्याकडे हे सगळं सोप्यावर व्हायचं.

वस्तूंपैकी दोनच सांगते. एक लाकडी पेटी. कॅथेड्रल ज्याच्या नावाने आहे त्या मॅग्नसची हाडं १९१९ साली कॅथेड्रलच्या एका खांबात सापडली, ती ज्या पेटीत होती ती ही. अगदी साधी पेटी, नक्षी नाही, काही नाही. दुसरी वस्तू म्हणजे देवमाशाच्या हाडाची पाटी. सँडे बेटावर स्कार इथे किनारा ढासळत होता, तिथे १९९१ साली उत्खनन झालं आणि व्हायकिंगांची एक नाव पुरलेली सापडली. तिच्यात एक पुरुष, एक वयस्क बाई आणि एक मूल. ही पाटी त्या नावेत होती. वर दोन सापांसारख्या माना एकमेकींकडे तोंड करून कोरलेल्या, अंग गुळगुळीत. तागाच्या कापडावरच्या चुण्या मोडायला अशी पाटी वापरत असावेत असं अभ्यासक म्हणतात. मी काचेला नाक लावून बघितली. आमची आजी पितळी तांब्यात निखारे घालून लुगड्याच्या निऱ्या बसवायची. हजार वर्षांपूर्वी एका बाईने मरताना सोबत काय न्यावं तर चुण्या मोडायची पाटी. आणि ती किती देखणी केलेली! मला तिथून हलायला वेळ लागला. यांनी दोनदा येऊन बोलावलं.

मागच्या बाजूला बाग आहे, ती म्हणजे आपलं परडं. उंच भिंतींनी वेढलेली, म्हणून तिथे फुलझाडं टिकतात; त्या बेटावर वाऱ्यापासून लपवल्याशिवाय काही नीट वाढत नाही. बागेत एक छोटंसं टोकदार घुमटीसारखं बांधकाम आहे, ग्रोटी हूस त्याचं नाव. १७२५ साली लंडनमध्ये फाशी गेलेला जॉन गो नावाचा चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, होता. त्याच्या जहाजाला तोल यावा म्हणून तळाशी भरलेले दगड त्याच्या शिखराला वापरले आहेत. मुळात ते दुसऱ्या बागेत होतं, उचलून इथे आणून बसवलं. ग्रोटी म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरच्या लहान कवड्या. पोरांना बाग आवडेल.

आता मला जे खटकलं ते. हे कुठल्याही राहत्या घराचं संग्रहालय झालं की होतंच, इथल्यापुरतं नाही. भिंतीला काचेचं कपाट टेकलं की भिंत दिसत नाही. मला चूल कुठे होती ते बघायचं होतं, पीठ-धान्य कुठे साठवत, पाणी कुठून आणत, दिवसभर काम करणाऱ्या बाईची वाट कुठून कुठे होती. आमच्या वाड्यात ती वाट जमिनीत दिसते : आडापासून मोरीपर्यंत, मोरीपासून चुलीपर्यंत फरशी गुळगुळीत झाली आहे. तिथे मला वाट सापडली नाही. घराचा एक मोठा नकाशा, कुठला भाग कधीचा ते रंगांनी दाखवलेला, दारातच लावलेला असावा असं मला प्रत्येक जुन्या वाड्याबद्दल वाटतं. मेणवलीबद्दलही, आमच्या साताऱ्यातल्या राजवाड्यांबद्दलही. २०२४ साली लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा माणसांनी रांगा लावल्या, मीही लावली, ऊर भरून आला. त्याच माणसांना राजवाड्याच्या खांबांपुढे दहा मिनिटं थांबवता आलं पाहिजे.

या घराच्या दुरुस्तीकडे मी जास्त लक्ष देऊन बघितलं, आणि त्याला कारण आहे. आमच्या वाड्याची चौकाकडची पश्चिम भिंत पांढऱ्या मातीची, वर चुन्याचा गिलावा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गिलाव्याचे पोपडे निघायला लागले. एका कंत्राटदाराने दादाला सांगितलं, जाळी मारून सिमेंटचा गिलावा करू, पन्नास वर्षं बघायला नको. मी खात्यात काम केलेली, मलाही ते पटलं होतं, हे इथे कबूल करते. पहिली दोन वर्षं भिंत सुरेख दिसली. मग खालून हातभर उंचीवर लोणा धरला, पांढरी बुरशीसारखी भुकटी. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि चुन्यातून हळूहळू बाहेर टाकते. आम्ही तिच्या तोंडावर सिमेंट मारून ठेवलं होतं. ओल बाहेर पडेना, वर चढायला लागली. भिंतीने पोट काढलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, सगळीकडे पूर होता त्या आठवड्यात, पहाटे गिलाव्यासकट भिंतीचा अर्धा भाग चौकात आला. तुळशीवृंदावन फुटलं. माणूस कोणी नव्हतं तिथे, ही देवाची कृपा. वहिनीने फोन केला तेव्हा ती फक्त "तुळस, तुळस" एवढंच म्हणत होती.

स्कॉटलंडमध्येही हेच झालेलं आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. विसाव्या शतकात त्यांनीही जुन्या दगडी घरांच्या सांध्यांत सिमेंट भरलं, भिंतींवर सिमेंटचे थर दिले, आणि ओल कोंडून दगडाचे पापुद्रे निघाले. आता त्यांची सरकारी वारसा संस्था जुन्या इमारतींना चुनाच वापरा म्हणून सांगते, लोकांना त्याच्या पुस्तिका देते. लेकीने त्यातली एक मला मोबाइलवर वाचून दाखवली. चुना भिजवणं, मुरवणं, एका वेळी पातळ थर देणं, ऊन-वारा लागू नये म्हणून ओली पोती लावणं. ऐकताना मला वाटलं हे आमच्या गवंड्याने सांगितलं असतं, आम्ही विचारलं असतं तर. साडेचारशे वर्षांचं घर त्या वाऱ्यात नि पावसात उभं आहे; त्याला जपणारी माणसं हे बारीकसारीक शिकत राहिली म्हणून आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. घर बघायला दीड-दोन तास धरा, बाग धरून. आत जिने आहेत. माझ्या गुडघ्यांना मी सावकाश सांभाळून नेलं, जमलं. जूनमध्येसुद्धा वारा अडवणारं जाकीट लागतं. छत्रीचा उपयोग नाही, उलटते. नाताळ आणि नववर्षाच्या दिवशी जाणार असाल तर त्या दोन दिवशी कॅथेड्रलसमोरून "बा" नावाचा चेंडूचा खेळ सुरू होतो, निम्मं गाव एका बाजूला नि निम्मं दुसऱ्या बाजूला, आणि रस्त्यावरची दुकानं-घरं दारं-खिडक्यांना फळ्या ठोकून घेतात. त्या दिवसांत घर निवांत बघण्याची आशा ठेवू नका. जेवणाचं म्हणाल तर मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले होते. पण तिथे बेअर नावाच्या जुन्या जवाच्या जातीची तव्यावर भाजलेली जाडसर भाकरी मिळते, ती जरूर खा. रंग काळपट, चव खरपूस, ज्वारीच्या भाकरीला जवळची. लोण्याबरोबर मी दोन खाल्ल्या.

पाचपैकी तारे द्यायचे तर घराला पाच. मांडणीला चार, त्या नकाशापायी.

त्या बाईंनी माझ्या वहीतल्या दोन्ही पानांचा फोटो काढून घेतला होता. आल्यावर मीही दादाकडे गेले, टेप घेऊन, आणि दोन दिवस बसून वाडा खोली-खोलीने मोजला. आता ट्रेसिंग पेपरवर १ : ५० ला नकाशा उतरवते आहे, कुठला भाग कधीचा ते वेगवेगळ्या शाईने. चुलत भाऊ आधी तयार नव्हते, पण नकाशा बघून धाकटा म्हणाला, "ताई, पश्चिमेची भिंत आधी करू." वाईजवळच्या एका वयस्क गवंड्याला बोलावलं. त्याने राहिलेल्या सिमेंटवर हातोडीने टकटक केलं, पोकळ आवाज ऐकला आणि म्हणाला, सगळं काढायचं. परड्यात जुन्या हौदात चुनकळी भिजत घातली आहे. वर पाणी ठेवायचं, रोज एकदा ढवळायचं. वहिनी ते सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर करते. दिवाळीनंतर, पाऊस उघडला आणि ऊन कडक व्हायच्या आत, पहिला थर द्यायचा आहे.